शेडच्या कोब्यात जाळी घालावी की स्टील फायबर?

काजूबोंडू (६ जानेवारी)

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईजवळ आमचं काजू फोडायचं लहान युनिट आहे. जुनी शेड अपुरी पडते म्हणून शेजारीच २४ मीटर बाय १२ मीटरची नवी शेड घातली. खांब उभे झाले, पत्रे चढले, आता कोबा राहिलाय. जाडी १५० मिलिमीटर, एम ३० प्रतीचं काँक्रीट, खाली मुरुमाचा भराव. बियांच्या पोत्यांनी भरलेला टेंपो थेट आत येणार, एका अंगाला बॉयलर बसणार, पलीकडे पोत्यांच्या थप्प्या लागणार.

नकाशात ८ मिलिमीटर सळईची, दोन्हीकडे १५० मिलिमीटर अंतराने, एक जाळी दाखवली आहे. ठेकेदार म्हणतो, जाळी सोडा, घनमीटरला ३० किलो स्टील फायबर टाकू, सळई बांधायचे चार दिवस वाचतील. त्याने नमुना आणून दिला. बोटभर लांबीची तार, दोन्ही टोकं वाकवलेली, स्टेपलरच्या पिनांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. मुठीत घेतल्यावर वाटलं, या एवढ्याशा तारा टेंपोचं वजन काय पेलणार!

त्यातून आमच्या सत्तरी तालुक्याचा पाऊस. चार महिने भिंत सुकत नाही. सळई निदान आत दडलेली असते, या तारा तर वरपर्यंत येणार. गंजून सगळा कोबाच फुटला तर? कोणी प्रत्यक्ष वापरलंय का? मार्चात बिया यायला लागतात, त्याआधी जागा तयार हवी.

वेर्णा_साइट (६ जानेवारी)

वेर्णा आणि कुंडई औद्योगिक वसाहतींत गोदामांचे कोबे करत बारा वर्षं काढली, त्यातले निम्मे फायबरचे असतील. तुमच्या कामाला फायबर चालेल. पण का चालेल ते समजून घ्या, नाहीतर चुकीच्या अपेक्षेने पैसे घालाल.

फायबरने तडा जायचा थांबत नाही. काँक्रीट दाब जेवढा पेलतं त्याच्या साधारण दहावा हिस्साच ताण पेलतं. त्यापुढे ताणलं की ते तडकणार, आत काहीही असो. फरक पडतो तो तडकल्यानंतर. साधं काँक्रीट तिथेच दुभंगतं. फायबर असेल तर तड्याच्या दोन काठांमध्ये असंख्य तारा आडव्या अडकलेल्या असतात. तडा रुंद व्हायचा तर या तारा उपटाव्या लागतात, आणि वाकवलेलं टोक सरळ होत होत बाहेर येताना भरपूर जोर खातं. त्या वाकड्या टोकाचं सगळं काम हे. तार तुटता कामा नये, ओढली गेली पाहिजे. म्हणून चांगल्या फायबरची ताणशक्ती १००० मेगापास्कलच्या वर ठेवतात. आपली नेहमीची सळई ५०० ची असते.

तुमच्या नमुन्यातली तार ६० मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर जाड असेल तर एका किलोत साडेचार हजारांहून जास्त तारा येतात. घनमीटरला ३० किलो म्हणजे सव्वा लाखाच्या वर. टेंपोचं वजन एक तार पेलत नाही. आणि खरं सांगायचं तर जमिनीवर टेकलेल्या कोब्यात ते वजन शेवटी खालचा भरावच पेलतो. भराव कच्चा असेल तर जाळीही वाचवणार नाही आणि फायबरही नाही. मुरूम एकदम ओतून वरवर रोलर फिरवलाय की १५०-२०० मिलिमीटरच्या थरांनी पाणी मारून दाबलाय? आधी ते सांगा.

आता लोखंडाचा हिशेब. तुमचं क्षेत्रफळ २८८ चौरस मीटर. ती जाळी चौरस मीटरला सव्वापाच किलो, म्हणजे एकूण दीड टनाच्या आसपास. फायबर ४३ घनमीटरला ३० किलोने १३०० किलो. वजनात फार फरक नाही, आणि किलोला फायबर सळईपेक्षा महाग पडतं. बचत होते ती मजुरीत आणि दिवसांत. शिवाय जाळी नसली की रेडीमिक्सची गाडी थेट आत येऊन ओतू शकते.

जाळीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. जाळी नकाशात वरच्या तिसऱ्या भागात असते. साइटवर दहा माणसं गमबूट घालून तिच्यावर नाचतात, जाळी उचलून धरणारे कव्हर ब्लॉक उलटतात, मग कोणीतरी आकड्याने जाळी थोडी वर ओढतो. एकदा दोन वर्षांच्या कोब्याला पाइपसाठी भोक पाडलं, जाळी तळाला मुरुमावर पडलेली मिळाली. दोन वर्षं ती नुसती तिथे होती. फायबर असं खाली जाऊन बसत नाही.

काजूबोंडू (६ जानेवारी)

भराव थरांनीच दाबलाय, मी स्वतः उभा होतो. गंजाचं काय पण?

जुना_जेई (७ जानेवारी)

५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी नोकरीत नवखा होतो. त्या दिवसापासून गोव्यात बांधकाम करणाऱ्या माझ्या पिढीने गंज हा शब्द कधी हलका घेतला नाही. तेव्हा तुमची भीती मला पटते. फक्त सळईचा गंज आणि फायबरचा गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सळई गंजली की गंजाचा थर मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. ती जागा मिळत नाही म्हणून वरचं काँक्रीट फुगून ढलपी निघते. त्यात सळई लांबच लांब आणि एकमेकींना बांधलेली. एका टोकाला खार पोचला की दुसऱ्या टोकाच्या लोखंडाशी मिळून विजेच्या घटासारखं चक्र सुरू होतं आणि गंज जोमाने चालतो. फायबरची तार आखूड, शेजारणीपासून सुटी. चक्राला लांबी मिळत नाही. तारही इतकी बारीक की तिच्या गंजाला काँक्रीट फोडायचा जोर येत नाही. गंजतात त्या पृष्ठभागालगतच्या काही मिलिमीटरमधल्या. आत काँक्रीट घट्ट असेल तर तिथला सिमेंटचा अल्कधर्मी गुण बाकीच्या तारांना सांभाळतो.

म्हणजे काय दिसेल? दारापाशी, जिथे पाऊस मारतो तिथे, पहिल्या पावसाळ्यातच तांबूस ठिपके. ते बघून घाबरू नका.

घाबरायचं ते रुंद तड्याला. ०.२ मिलिमीटरच्या पुढे उघडलेल्या तड्यातून पाणी आणि खार आत जात राहिले की तड्यात आडव्या पडलेल्या ताराच खाल्ल्या जातात, म्हणजे ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्याच. म्हणून भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या जेटीला किंवा लाटेचे तुषार झेलणाऱ्या कामाला साधं फायबर मी सुचवणार नाही. तिथे स्टेनलेसच्या तारा किंवा प्लास्टिकचे जाड तंतू बघावे लागतात. वाळपई समुद्रापासून लांब, तुमची शेडही झाकलेली. काळजी नको.

कल्पना नवी नाही हेही सांगतो. आपल्या जुन्या मातीच्या भिंतींत चिखलात गवत तुडवायचे, ते माती सुकताना फुटू नये म्हणूनच. काँक्रीटमध्ये तारांचं शास्त्र १९६३ मध्ये अमेरिकेत रोमुआल्डी आणि बॅटसन यांनी मांडलं. आपल्याकडे फायबरच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी एसपी ४६ ही मार्गदर्शिका आहे. ठेकेदाराने ३० किलोचा आकडा कुठून आणला ते विचारा. फायबर विकणाऱ्याने तुमचं वजन, जाडी आणि भराव धरून लेखी हिशेब द्यायला हवा.

मांद्रेची_माई (७ जानेवारी)

मध्येच विचारते, माफ करा. आमचं मांद्र्याला घर चालू आहे, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पुढच्या महिन्यात पहिल्या मजल्याचा स्लॅब. जुना_जेई काका, तुम्ही म्हणता फायबरचा गंज काँक्रीट फोडत नाही. मग स्लॅबमध्ये सळईऐवजी फायबरच घातलं तर खाऱ्या हवेचा प्रश्नच मिटेल ना? आमच्या जुन्या घराच्या स्लॅबचे खालून पापुद्रे पडतात, रात्री भिंतीकडे सरकून झोपतो आम्ही. ते पुन्हा नको.

जुना_जेई (७ जानेवारी)

नाही. माई, हे अजिबात करू नका, आणि कोणी सुचवलं तर त्याला पुढचं काम देऊ नका.

कोब्याखाली जमीन आहे. तडा गेला तरी कोबा कुठे पडणार? तुमच्या स्लॅबखाली हवा आहे आणि खाली माणसं झोपणार आहेत. तिथे तळाच्या बाजूचा सगळा ताण सळई उचलते, भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग. २५-३० किलोच्या फायबरला तो उचलता येत नाही. शिवाय तारा मिक्सरमध्ये पडतील तशा कशाही आडव्यातिडव्या बसतात. ताणाच्या दिशेला नेमक्या किती आल्या ते कोणाच्या हातात नसतं. सळई आपण जिथे हवी तिथे ठेवतो. स्लॅब, तुळई, खांब, जिना, गॅलरी यांत सळई हवीच. तिच्या जोडीला फायबर घालता येतं, तिच्या जागी नाही.

तुमच्या पापुद्र्यांचं मूळ बहुधा कव्हरमध्ये, म्हणजे सळई झाकणाऱ्या काँक्रीटच्या थरात आहे. आपल्याकडे स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर ठेवायची सवय पडलीय, तेही मिळालं तर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरचं घर 'सिव्हिअर' (तीव्र) वर्गात येतं. त्याला किमान एम ३० काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत आणि कव्हर ४५ मिलिमीटर. तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. कव्हर वाढलं की स्लॅबचा हिशेबही बदलतो, तेव्हा हे आकडे घेऊन उद्याच तुमच्या इंजिनियरकडे जा. ओतायच्या दिवशी टेप घेऊन स्वतः मोजा. चिऱ्याचे तुकडे कव्हर म्हणून लावू देऊ नका, ते पाणी पितात.

मांद्रेची_माई (८ जानेवारी)

काका, आजच नकाशा काढून बघितला. कव्हर २० लिहिलंय. इंजिनियरना फोन केला, ते नवा हिशेब करून देतो म्हणाले. देव बरें करूं.

डिचोलीचो_मेस्त (८ जानेवारी)

एक अनुभव लिहितो, कोणाला उपयोगी पडला तर पडो. काही वर्षांमागे एका अंगणाच्या कामाला मालक म्हणाला फायबर महाग, आपण बाइंडिंग वायर कापून घालू. मीही हो म्हटलं. दोन पोरं दोन दिवस कात्रीने तार कापत बसली. मिक्सरमध्ये घातली आणि तिचे पक्ष्याच्या घरट्यासारखे गोळे झाले. गोळ्याच्या आत सिमेंट जाईना, खडी जाईना. फोडून पसरले, कोबा झाला, वर्षभरात तडे गेले आणि चांगले पैशाएवढे उघडले. बाइंडिंग वायर मऊ, गुळगुळीत, टोकाला आकडा नाही. ती धरणार कशी? ते अंगण मी मजुरी न घेता पुन्हा करून दिलं. लेथचा चुरा घालणारेही पाहिलेत, त्याला तेल लागलेलं असतं, सिमेंट धरतच नाही. करायचं तर खरं फायबर घ्या, नाहीतर जाळी नीट बांधा.

फुटपाथवरची गटाराची काँक्रीटची झाकणं बघा. बिडाची चोरीला जायची म्हणून ही आली, त्यांत हेच फायबर असतं. आयएस १२५९२ प्रमाणे बनवतात, अडीच टनापासून ३५ टनांपर्यंत प्रकार आहेत. घेताना त्यावरचा भार वाचून घ्या. अंगणातलं झाकण रस्त्यात बसवलेलं मी पाहिलंय, पहिल्याच ट्रकला गेलं.

रेडीमिक्स_क्यूसी (९ जानेवारी)

मेस्तांनी गोळ्यांचं सांगितलं, तोच माझ्या रोजच्या कामाचा विषय.

तार जाडीच्या मानाने जितकी लांब तितकी ती चांगलं धरते आणि तितकीच गुंतते. तुमची ६० बाय ०.७५ म्हणजे गुणोत्तर ८०, गुंतायला तयार. म्हणून त्या पिनांसारख्या चिकटवून देतात. तो गोंद पाण्यात विरघळतो, गड्डी आधी मिक्सरभर पसरते आणि मग तारा सुट्या होतात. त्या गड्ड्या हाताने सोडवून टाकू नका, पोरं हौसेने सोडवतात.

शक्यतो प्लांटवर खडीबरोबर पट्ट्यावरून फायबर टाकायला सांगा. साइटवर टाकायचं असेल तर ड्रम पूर्ण वेगाने फिरवत एकेक पिशवी हळूहळू, आणि शेवटची पडल्यावर आणखी पाच मिनिटं फिरवायचं. हातमोजे आणि चष्मा सक्तीचा. तार डोळ्याला लागली तर काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

फायबर पडलं की स्लंप (मालाचा सैलपणा) उतरतो, माल घट्ट दिसतो. ड्रायव्हर लगेच पाण्याचा पाइप उघडेल. त्याला तिथेच थांबवा. पाणी वाढलं की एम ३० राहत नाही आणि कोबा सुकताना जास्त आकसतो. स्लंप आधीच थोडा वाढवून मागा, कमी पडला तर पाण्याशिवाय माल सैल करणारं सुपरप्लास्टिसायझर घाला.

आता तपासणी. सळई डोळ्यांनी मोजता येते, फायबर मालात गेलं की दिसत नाही. म्हणून ही चाचणी कराच. गाडीतून १० लिटर ओला माल बादलीत घ्या, पाण्याने धुऊन काढा आणि लोहचुंबक फिरवून सगळ्या तारा वेचा. सुकवून वजन करा. ३० किलोच्या हिशेबाने ३०० ग्रॅम यायला हवं. थोडंफार इकडेतिकडे होईल, पण २०० आलं तर गाडी परत. आणि रिकाम्या पिशव्या मोजा. ६ घनमीटरच्या गाडीला १८० किलो, २० किलोच्या ९ पिशव्या.

मोठ्या कामांना नमुन्याची छोटी तुळई ओतून तिची तडा उघडल्यानंतरची ताकद मोजतात, युरोपची ईएन १४६५१ ही त्याची चाचणी. तुमच्या आकाराच्या कामाला ती करायची गरज नाही, पण विक्रेत्याकडे तिचा अहवाल असतो, तो मागा.

काजूबोंडू (९ जानेवारी)

मंडळी, ठरत आलं. एकच अडचण. शेडच्या एका कोपऱ्यात ग्रेडिंग आणि पॅकिंगची खोली आहे. बायका जमिनीवर पाट टाकून बसतात, गर खाली सांडतो. तिथे तार वर आली तर हातापायाला लागेल, आणि तुकडा गरात गेला तर खाणाऱ्याच्या तोंडात. हे मला चालणार नाही.

वेर्णा_साइट (९ जानेवारी)

बरोबर विचार केलात. त्या खोलीत फायबर नको. जाळी घाला, वर लादी बसवा. उरलेल्या भागात ओल्या कोब्यावर फ्लोअर हार्डनर (पृष्ठभाग टणक करणारी पूड) पेरून पॉवर ट्रॉवेल (यंत्राची थापी) फिरवा, वरच्या तारा त्याखाली दबतात. तरी चौरस मीटरमागे एखाददुसरी डोकावेल. काँक्रीट घट्ट झाल्यावर पक्कडीने कापून घ्या. लांब दांड्याच्या खराट्याने ओला कोबा ओढू नका, खराटा तारा उपसून उभ्या करतो.

सांधे विसरू नका. ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडा, तुमचे नेमके १८ होतात. काँक्रीट ओतल्यावर कटरने कडा न तुटता कापता येईल इतकं झालं की लगेच कापायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी नाही. साध्या कोब्याला जाडीचा चौथा हिस्सा खोल कापतात, फायबरच्या कोब्याला तिसरा, म्हणजे ५० मिलिमीटर, कारण तारा सांध्यालाही धरून ठेवतात आणि तडा भलतीकडे जातो. खांबांभोवती फोमची पट्टी. बॉयलरच्या खड्ड्याच्या कोपऱ्यांना तिरक्या सळया टाकाच, आतल्या कोपऱ्यातून तडा निघतोच निघतो.

पाणी किमान १० दिवस, तुमचं सिमेंट फ्लाय ॲशचं (राख मिसळलेलं) असणार. गोणपाट ओलं ठेवा.

पेडण्याचा_प्रवासी (१० जानेवारी)

वाचून बरंच कळलं. आमच्या पेडण्याच्या बोगद्यासारख्या जागी हे चालतं का? कोकण रेल्वेचा तो बोगदा मऊ ओल्या मातीतला, २०२४ च्या जुलैत तिथे पाणी शिरून गाड्या अडकल्या होत्या.

जुना_जेई (१० जानेवारी)

बोगदे हे तर फायबरचं माहेर. खडकाच्या ओबडधोबड छताला जाळी ठोकत बसलं की तिच्यामागे पोकळ्या राहतात आणि माणसं उघड्या छताखाली उभी असतात. फायबर मिसळलेलं शॉटक्रीट लांबून फवारलं की ते खडकाच्या आकाराला चिकटतं. तिथे तार आखूड, ३०-३५ मिलिमीटरची, नाहीतर पाइप तुंबतो. नॉर्वेच्या बोगदेवाल्यांनी खडकाच्या प्रतीनुसार किती जाडीचं फायबर शॉटक्रीट लागेल याचा तक्ताच बनवला, त्यांच्या क्यू पद्धतीत तो १९९३ पासून आहे. पण पेडण्यासारख्या मातीत पाण्याला वाट काढून देणं पहिलं काम. मागे दाब साठला तर कुठलाही लेप टिकत नाही.

काजूबोंडू (२ फेब्रुवारी)

कोबा झाला! सविस्तर लिहितो, कारण तुमच्यामुळे एक मोठी चूक टळली.

पहाटे पाचला सुरुवात केली, ऊन चढायच्या आत निम्मा माल पडावा म्हणून. फायबर साइटवरच टाकायचं ठरलं होतं. पहिल्या दोन गाड्यांच्या बादलीत ३१० आणि २९० ग्रॅम आलं. मुलाने स्पीकरमधलं लोहचुंबक काढून आणलं होतं, त्याने तारा वेचायला गावातली पोरं जमली. तिसऱ्या गाडीचे आले २३५. पुन्हा बादली भरली, २२५. ठेकेदार म्हणाला, होतं असं कमीजास्त. मी रिकाम्या पिशव्या मोजल्या. सातच. शोधलं तर दोन भरलेल्या पिशव्या गाडीच्या मागच्या चाकाआड पडलेल्या, टाकायच्याच राहिल्या होत्या. जेमतेम दोन ढकलगाड्या माल उतरला होता, तो बाजूला काढला. दोन्ही पिशव्या टाकून ड्रम पाच मिनिटं फिरवला, मग बादलीत २९५. चाचणी केली नसती तर त्या भागात फायबर कमी आहे हे कोणाला कळलंच नसतं.

पाचव्या गाडीला माल घट्ट झाला आणि ड्रायव्हरने पाइप हातात घेतलाच. मी धावत जाऊन हात धरला. प्लांटच्या माणसाने सुपरप्लास्टिसायझर घातलं. पुंजके एकूण चार मिळाले, हाताने उचलून फेकले. कटर रात्री अकराला सुरू केला, पहाटे दोनला संपला. पॅकिंगच्या खोलीत जाळी, प्रत्येक कव्हर ब्लॉक मी तपासला.

मांद्रेची_माई (३ फेब्रुवारी)

आमचाही स्लॅब परवा झाला. एम ३०, कव्हर ४५. ओतताना टेप घेऊन मी सेंट्रिंगवर उभी होते. दोन ठिकाणी सळई खाली बसली होती, उचलायला लावली.

काजूबोंडू (१९ सप्टेंबर)

धागा वर काढतोय. पावसाळा सरत आला, हिशेब द्यायला हवा. हंगामभर टेंपो फिरला, थप्प्या लागल्या. १८ चौकोनांपैकी १७ स्वच्छ, तडे सांध्यातच गेले. दाराच्या उतारावर जुना_जेई काका म्हणाले होते तसे तांबूस ठिपके आले, मोजून ४०-४५ असतील, नखाने खरवडलं तर खाली काँक्रीट टणक.

बॉयलरच्या खड्ड्याच्या एका कोपऱ्यातून मात्र केसाएवढा तडा निघालाय, हातभर लांब. तिथे तिरकी सळई टाकायला सांगितली होती, तीन कोपऱ्यांना टाकली, चौथ्याला राहिली. माझंही लक्ष गेलं नाही.

जुना_जेई (१९ सप्टेंबर)

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. रुंदी मोजायचं कार्ड मिळतं, त्याने आजचा आकडा घ्या. बॉयलर पेटल्यावर आणि थंड असताना दोन्ही वेळा. ०.२ च्या आत राहिला आणि रेघेपुढे गेला नाही तर हात लावू नका.

काजूबोंडू (२० सप्टेंबर)

रेघा मारल्या. थंड असताना ०.१. बॉयलर सोमवारी पेटवतोय, संध्याकाळी आकडा टाकतो.